पाळणाघरातला मधल्या वेळचा खाऊ

शाळा सुटून पाळणाघरात आलेली मुलं भुकेली असतात. फुटाणे तोंडात टाकून तशीच खेळायला पळतात. धोका तिथेच आहे. ५ वर्षांखालच्या मुलांची श्वासनलिका अरुंद असते, नीट चावताही येत नाही. अख्खे दाणे त्यांना नकोतच. द्राक्षंही उभी चिरून द्यावीत. खाताना ताईंनी मोबाइल ठेवून समोर बसावं, कारण घास पुरता अडकला की मुलाचा आवाजच निघत नाही. (पाळणाघर निवडताना भिंतीवरची चित्रं सगळे बघतात, हे कुणी विचारत नाही.) मूल खोकत असेल तर खोकू द्यावं. खोकताही येत नसेल, तर पुढे वाकवून पाठीवर, खांद्यांच्या मधोमध ५ जोरदार थापा माराव्यात. तरी निघालं नाही आणि मूल वर्षावरचं असेल, तर मागून बेंबीच्या वर ५ दाब द्यावेत. तोवर दुसऱ्या कुणी १०८ ला फोन लावावा.