गाडीवरचा चीक: आधी पाणी, मग तेल

देवगड-मालवणात मोहोर फुटला, की आंब्याखाली उभ्या केलेल्या गाडीचं छप्पर रातोरात चिकट होतं. पाहुण्यांना वाटतं, झाडानेच चीक गाळला. बागायतदार मात्र ओळखतो, ही तुडतुड्यांची खार आहे. मोहोराचा रस शोषणारे हे किडे साखरेचा पाक बाहेर टाकतात आणि पुढे त्यावर काळी बुरशी वाढते. मुळात साखरच असल्याने ती पाण्यात विरघळते. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं दहा मिनिटं ठेवलं, की डाग सुटतो. कोरडं मात्र घासू नये. किनाऱ्यावर गाडीवर बसलेली बारीक वाळू पॉलिशपेपरसारखी रंग खरवडते.

फणसाचं तसं नाही. त्याच्या चिकात रबर आणि राळ असते, पाण्याला तो दाद देत नाही. विळीला नि हाताला खोबरेल चोळूनच फणस फोडायचा, हे कोकणात कुणाला शिकवावं लागत नाही. तेच शास्त्र गाडीलाही लागू पडतं. गाडी सावलीत थंड होऊ द्यावी, तेलात भिजवलेला कापूस डागावर ठेवावा आणि चीक मऊ झाला की मऊ कापडाने उचलून घ्यावा. स्टिकरचा गोंद, रस्त्याचं डांबर यांनाही बहुधा हाच उपाय चालतो. ब्लेड लावू नये, लावलं तर चीक निघेल पण ओरखडा राहील.

घाई झाली, की हात पेट्रोल किंवा थिनरकडे जातो. रंगावरचा पारदर्शक थर जेमतेम केसाएवढा जाड असतो. गॅरेजात नंतर मारलेला रंग तर थिनरने मऊ पडून फडक्याला लागू शकतो. रंग पुन्हा मारता येतो, पण पेट्रोलमधलं बेंझीन श्वासातून आणि काही प्रमाणात त्वचेतूनही शरीरात जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते कर्करोगकारक ठरवलेलं आहे. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते. पडवीत गाडी पुसताना ती शेजारच्या चुलीपर्यंत पोचली, तर भडका उडायला वेळ लागत नाही.

तेलाने डाग निघाला, तरी काम अर्धंच झालेलं असतं. तेलकट जागी धूळ बसते, म्हणून तिथे गाडीचा सौम्य शॅम्पू लावून धुवावं. पाणी किनाऱ्यालगतच्या विहिरीचं, मचूळ असेल, तर ते अंगावर वाळू देऊ नये, मागे पांढरे ठिपके राहतात. लगेच पुसून घ्यावं.