सळीनं लाल झालेलं पाणी आणि खरी तपासणी

ताईंनो, हल्ली गटांच्या बैठकीत एक प्रश्न सारखा येतो. "मॅडम, मशीनवाल्यानं आमचं पाणी तपासून दाखवलं, पार लाल झालं. गटातून कर्ज घेऊन आरओ बसवायचा का?"

तो खेळ तुम्हीही पाहिला असेल. एका ग्लासात आपल्या बोअरचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. दोन्हीत सळ्या सोडून वीज लावतात. आपलं पाणी तपकिरी होतं, त्यात गाळ दिसतो, आरओचं तसंच राहतं. पण तो रंग सळीच्या लोखंडाचा असतो! पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड विरघळून गंजासारखं बाहेर पडतं. आरओच्या पाण्यात क्षारच कमी, म्हणून वीज वाहत नाही. त्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, तेही लाल होईल.

टीडीएसचं पेनासारखं यंत्र खोटं नाही, पण अर्धवट आहे. पाण्यातून वीज किती वाहते यावरून ते एकूण क्षारांचा अंदाज देतं. कोणता क्षार, ते त्याला कळत नाही. आपल्या मानकात टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानतात, तर शिशाची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम आहे. शिसं दहापट वाढलं तरी मीटरचा आकडा हलणार नाही.

मग विजेनं पाणी तपासताच येत नाही का? येतं. शुगर तपासायची पट्टी आठवा. रक्ताच्या थेंबातली फक्त साखर ओळखणारा पदार्थ त्या पट्टीवर असतो, मग यंत्र वीज मोजतं. म्हणजे आधी निवडायचं, मग मोजायचं.

पाण्यातले विषारी धातू निवडायला शास्त्रज्ञ झिओलाइट वापरून पाहतात. नाव परकं वाटलं तरी दगड आपलाच आहे. काळ्या कातळात विहीर खोदताना पांढरे, गुलाबी चमकदार खडे निघतात ना, त्यातले बरेच झिओलाइट असतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते मांडून ठेवलेत. (घरचे खडे कुटून पाण्यात टाकू नका हं. प्रयोगशाळेत बहुतेक वेळा तयार केलेली शुद्ध पावडर लागते.)

हा दगड आतून चाळणीसारखा असतो, फक्त भोकं डोळ्यांना न दिसणारी. चाळणीच्या भिंतींवर ऋण भार असतो, म्हणून धन भाराचे कण आत धरले जातात. आत आधीचं सोडियम असतं. शिसं आलं की सोडियम बाहेर पडतं आणि शिसं जागा घेतं. झिओलाइटमधून स्वतः वीज वाहत नाही, म्हणून त्याची पावडर कार्बनच्या भुकटीत आणि थोड्या तेलात मळून नळीत भरतात. ही झाली सेन्सरची कांडी. ती पाण्यात ठेवली की विरळ पसरलेलं शिसं कांडीत गोळा होतं. मग व्होल्टेज हळूहळू बदलतात. शिसं एका ठरावीक व्होल्टेजला वीज देतं, कॅडमियम दुसऱ्या. कुठे वीज वाढली त्यावरून धातू कळतो, किती वाढली त्यावरून प्रमाण.

नायट्रेटचा भार मात्र ऋण असतो. चाळणी त्याला ढकलून देते. म्हणून झिओलाइटवर साबणासारख्या लांब शेपटीच्या रसायनाचा दुहेरी थर चढवतात. बाहेरची बाजू धन झाली की नायट्रेट चिकटतं. यालाच सुधारित झिओलाइट म्हणतात.

अडचण अशी की जड पाण्यातलं कॅल्शियमसुद्धा त्याच चाळणीत गर्दी करतं, आणि आपल्या बोअरचं पाणी तर किती जड असतं ते डाळ शिजवताना कळतंच. म्हणून हे काम अजून बरंचसं प्रयोगशाळेतच आहे. असा सेन्सर म्हणून गावात कुणी काही विकायला आलं तर आधी मला फोन करा.

आज आपल्याकडे जलजीवन मिशनचं तपासणी किट आहे. त्यासाठी प्रत्येक गावात पाच महिलांना प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. नायट्रेट आणि फ्लोराइड त्यात रंगावरून कळतं. नायट्रेट ४५ च्या वर असेल तर त्या पाण्यात सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं वरचं दूध कालवू नका. उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून वाढतं. नायट्रेट, फ्लोराइड खरंच जास्त निघालं तर आरओ उपयोगी आहे, पण अहवालाचा कागद हातात येईपर्यंत कर्जाचा ठराव करू नये असं मला वाटतं.

शिशाची शंका असेल तर प्रयोगशाळेच्या अर्जात तसं वेगळं लिहा आणि बाटली त्यांच्याकडूनच मागा. तिच्यात आधीच थोडं आम्ल घातलेलं असू शकतं, ती विसळू नका.