गावच्या इंटरनेट केंद्राचा खर्च कोणी सोसावा?



विहीर खणावयास शासनाचे साहाय्य मिळते. परंतु गाळ काढावयाचा कोणी आणि पंपाचे वीजबिल भरावयाचे कोणी, हा प्रश्न विहीर बांधून झाल्यावरच उभा राहतो. गावोगावच्या इंटरनेट सेवा केंद्रांचेही तसेच झाले आहे. केंद्राच्या उद्‌घाटनाचा दिवस सर्वांस आठवतो. ते कोणाच्या पैशावर चालते, हे मात्र थोड्यांसच ठाऊक असते.

काही वर्षांपूर्वी खरीप पीकविम्याची मुदत संपावयास चार दिवस उरले असता मी आमच्या तालुक्यातील एका गावी गेलो होतो. ग्रामपंचायतीतील केंद्रास कुलूप होते. केंद्रचालक तरुणाचे मानधन कित्येक महिने थकले होते, म्हणून त्याने शहरात नोकरी धरली होती. सातबारा व बँकेचे पासबुक पिशवीत घालून शेतकरी ओट्यावर बसले होते. काहींनी तालुक्याचे गाव गाठले. ज्यांस ते जमले नाही, त्यांचा विमा राहिला. पुढे सोयाबीनच्या शेंगा भरण्याच्या वेळी पावसाने ओढ दिली. कुलूप एका खोलीस लागले होते, नुकसान मात्र शिवारात झाले. यास्तव या केंद्रांच्या पैशाचा मार्ग प्रत्येक खातेदाराने समजून घेणे अगत्याचे आहे.

वारणेचा धडा

महाराष्ट्रात या प्रयत्नाचा आरंभ १९९८ साली वारणा खोऱ्यात झाला. सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे काढण्याच्या या योजनेचा ५० टक्के भार केंद्र शासनाने, ४० टक्के राज्य शासनाने व १० टक्के वारणेच्या सहकारी संस्थांनी उचलावयाचा होता. शेतीविषयक सर्व प्रकारची माहिती मिळावी, हा हेतू होता. प्रत्यक्षात ती केंद्रे मुख्यत्वे ऊस व कारखान्याच्या कामासाठी वापरली गेली. कारण ते काम कारखान्यास व सभासदास दोघांसही नित्य हवे होते. पुढे संगणकांची देखभाल महाग पडू लागली, तेव्हा सात गावांत संगणकाऐवजी मोबाईलवरील लघुसंदेशांनी तेच काम करून पाहण्यात आले. ज्या कामामागे पैसा व गरज दोन्ही असतात तेच टिकते, हा वारणेचा धडा होय.

अनुदानाचा काळ

२००६ साली केंद्र शासनाने देशभर एक लाख सामायिक सेवा केंद्रे उघडण्याची योजना मंजूर केली. सहा गावांमागे एक केंद्र, असे प्रमाण ठरले. एकूण खर्चाचा अंदाज ५,७४२ कोटी रुपयांचा होता. त्यापैकी ८५६ कोटी केंद्राने, ७९३ कोटी राज्यांनी व उरलेले खाजगी क्षेत्राने घालावयाचे होते. शासनाचा पैसा कायमचा नव्हता. आरंभीच्या वर्षांत केंद्राच्या उत्पन्नात जी तूट येईल ती भरून काढण्यापुरताच तो होता. पुढे केंद्राने स्वतःच्या मिळकतीवर उभे राहावे, अशी अपेक्षा होती. परंतु अनेक ठिकाणी केंद्र आधी आले, आणि ज्या सेवा तेथे मिळावयाच्या त्या मागाहून आल्या. वीज व इंटरनेटची जोडणीही बेभरवशाची होती. पेरणी झाली, परंतु पाणी वेळेवर आले नाही, असा हा प्रकार झाला.

ग्रामपंचायतीच्या निधीचा काळ

महाराष्ट्रात २०११ पासून ‘संग्राम’ प्रकल्पाखाली ग्रामपंचायतींतच संगणक केंद्रे सुरू झाली. त्यांस तेराव्या वित्त आयोगाच्या निधीचा आधार होता. २०१५ च्या अखेरीस हा प्रकल्प संपला आणि २०१६ मध्ये ‘आपले सरकार सेवा केंद्र’ ही योजना आली. या योजनेत ग्रामपंचायतीने चौदाव्या वित्त आयोगाच्या निधीतून दरमहा १२,३३१ रुपये केंद्र चालविणाऱ्या कंपनीकडे भरावे, असे ठरविण्यात आले. वर्षाचे हे १,४७,९७२ रुपये होतात. मोठ्या ग्रामपंचायतीस ही रक्कम झेपली. लहान ग्रामपंचायतीस ती एका रस्त्याच्या वा गटाराच्या कामाइतकी वाटली. शिवाय गावाने पैसे भरूनही चालकाचे मानधन वेळेवर पोचत नाही, ही तक्रार अनेक जिल्ह्यांत वारंवार झाली.

पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या कालावधीत ग्रामपंचायतीस मिळणाऱ्या निधीपैकी ६० टक्के भाग पिण्याचे पाणी व स्वच्छता यांसाठी बंधित होता. उरलेला ४० टक्केच अबंधित होता. पाणी व स्वच्छता ही निकडीची कामे आहेत, यात शंका नाही. परंतु केंद्राच्या खर्चाने ज्या कोपऱ्यात बसावयाचे, तो कोपराच त्यामुळे आखूड झाला.

दर अर्जामागे मोबदल्याचा काळ

इकडे केंद्र शासनाने २०१५ साली सामायिक सेवा केंद्रांच्या योजनेचा दुसरा टप्पा आरंभिला. प्रत्येक ग्रामपंचायतीत निदान एक केंद्र असावे, असे उद्दिष्ट त्यात होते. परंतु तूट भरून देण्याची पद्धत बंद झाली. चालकाने स्वतःचे भांडवल घालावे आणि प्रत्येक व्यवहारामागे मिळणाऱ्या मोबदल्यावर केंद्र चालवावे, हे नवे तत्त्व होय.

याचे गुणदोष पीकविम्यात स्पष्ट दिसले. २०२३ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात पीकविमा देण्यात येऊ लागला. चालकास प्रत्येक अर्जामागे ४० रुपये विमा कंपनीकडून मिळत. शेतकऱ्याकडून एका रुपयाहून अधिक घ्यावयाचे नव्हते. या मोबदल्यामुळे गावोगाव केंद्रे उशिरापर्यंत उघडी राहिली, हा लाभ झाला. त्याचबरोबर जादा पैसे घेतल्याच्या व बोगस अर्ज भरल्याच्या तक्रारीही आल्या आणि काही केंद्रांवर कारवाई झाली. मोबदला अर्जांच्या संख्येवर मिळू लागला की संख्या वाढविण्याचा मोह होतोच. एक रुपयाची ही योजना २०२५ च्या खरिपापूर्वी बंद झाली.

पैसा कोणाचा, काम कोणाचे?

या तिन्ही काळांतून एकच गोष्ट दिसते. जो पैसा देतो त्याचे काम आधी होते. ग्रामपंचायत पैसे देते तेव्हा चालक प्रथम तिचे १ ते ३३ नमुने भरतो. अर्जामागे मोबदला मिळतो तेव्हा ज्या अर्जास अधिक पैसे तो अर्ज आधी भरला जातो. परंतु हवामानाचा अंदाज पाहणे, बाजार समितीचे भाव वाचणे, योजनेची यादी तपासणे, नामंजूर अर्जाचे कारण शोधणे, या कामांचे पैसे कोणीच देत नाही. आणि अल्पभूधारकास गरज असते ती नेमकी याच कामांची. सर्वांसाठी म्हणून उघडलेले केंद्र अशा रीतीने केवळ अर्ज भरण्याचे दुकान होऊन बसते. यात चालकाचा दोष थोडा आहे. व्यवस्थेचा अधिक आहे.

आपण काय करावे?

१. ग्रामपंचायतीने वर्षभरात केंद्रासाठी किती रक्कम भरली व चालकाच्या हाती किती पडली, याचा हिशेब ग्रामसभेत मागावा. थकबाकी असल्यास ठराव करून ती पंचायत समितीस कळवावी.

२. सेवांचे अधिकृत दर व केंद्राच्या वेळा यांचा फलक दर्शनी भागी लावावयास सांगावे. दरापेक्षा अधिक पैसे देऊ नयेत. पावती घेतल्यावाचून उठू नये.

३. पीकविम्याच्या हंगामात केंद्र बंद राहणार नाही, याची तजवीज जूनमध्येच करावी. खरिपाची मुदत सहसा जुलैअखेर संपते. शेवटच्या आठवड्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

४. फेब्रुवारी २०२३ मध्ये झालेल्या करारानुसार प्राथमिक कृषी पतसंस्थांसही सामायिक सेवा केंद्र चालविता येते. आपल्या गावची विविध कार्यकारी सोसायटी सुस्थितीत असल्यास तिच्या सभेत हा विषय घ्यावा. सोसायटीजवळ जागा आहे, सचिव आहे, आणि तिचा सभासद हाच केंद्राचा ग्राहक आहे.

५. आठवड्यातून निदान दोन तास केवळ माहिती पाहण्यासाठी विनामूल्य राखून ठेवावेत. त्यापोटी चालकास ग्रामपंचायतीने स्वनिधीतून अल्प मोबदला द्यावा. ही रक्कम फार नाही. परंतु तीमुळे केंद्र पुन्हा सर्वांचे होईल.

पाटाचे पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचावयाचे तर पाट दरवर्षी साफ करावा लागतो, आणि तो खर्च पाणी घेणाऱ्यांनी आपसांत ठरवावा लागतो. अनुदान आज एका खात्यातून येईल, उद्या दुसऱ्या, आणि एखादे वर्षी येणारही नाही. केंद्राचा हिशेब गावाने आपल्या हाती ठेवला, तर पुढच्या जुलैत त्याच्या दारास कुलूप दिसणार नाही.