गहू न चालणाऱ्यांसाठी लाह्यांचा ग्रॅनोला



ज्या घरात एखाद्या मुलाला डॉक्टरांनी ‘गहू कायमचा बंद’ असे सांगितले आहे, त्या घरातील माउलीपुढे रोज सकाळी एकच प्रश्न असतो : आज डब्यात द्यायचे तरी काय? पोळी नाही, पाव नाही, बिस्कीट नाही, रव्याचा शिरा नाही, शेवया नाहीत. भाकरी आहे, पण ती गार झाली की पोर तोंड फिरवते. अशा घरांसाठी ज्वारी आणि राजगिऱ्याच्या लाह्यांचा एक कोरडा, कुरकुरीत खाऊ या पत्रकात दिला आहे. शहरात अशा खाऊला ग्रॅनोला म्हणतात. दुकानातल्या पाकिटात बहुधा ओट असतात, काहींत गहूही असतो. आपला ग्रॅनोला आपल्याच शेतातल्या धान्याचा आहे. तो करणे सोपे आहे. काळजी घ्यायची ती धान्य निवडताना आणि भांडी वापरताना.

गव्हात असे आहे तरी काय?

कणकेचा घट्ट गोळा पाण्यात धरून चोळत राहा. पांढरे पाणी निघून जाते आणि हातात रबरासारखा चिवट गोळा उरतो. त्यातला मुख्य भाग म्हणजे ग्लूटेन. याच्यामुळेच पोळी लाटता येते आणि पाव फुगतो. ज्वारीत ग्लूटेन नाही, म्हणून भाकरीच्या पिठाला गरम पाणी लागते आणि ती हाताने थापावी लागते. बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरई आणि राजगिरा यांतही ते नाही. सातूत, म्हणजे जवात, मात्र त्याच जातीची प्रथिने आहेत. खपली गहू ‘पचायला हलका’ म्हणून काही जण देतात. पण खपली हाही गहूच आहे. या रोग्याला तो चालत नाही.

काही माणसांच्या शरीरात ग्लूटेन गेले की आतड्याच्या आतल्या अस्तराला इजा होते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. या रोगाला सिलिॲक म्हणतात. जुनाट जुलाब, फुगलेले पोट, न वाढणारी उंची, औषध घेऊनही न हटणारा रक्तक्षय अशी त्याची लक्षणे असतात. गहू आणि या रोगाचा संबंध हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात मांडला. आजही ग्लूटेन पूर्ण व कायम बंद ठेवणे हाच त्यावरचा मुख्य उपाय आहे.

येथे एक सूचना महत्त्वाची. नुसता संशय आला म्हणून घरच्या घरी गहू बंद करू नका. आधी डॉक्टरांकडून रक्ताची तपासणी करून घ्या; जरूर पडल्यास ते दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून तपासतात. गहू बंद केल्यावर तपासणी केली तर रोग असूनही तो दिसत नाही.

लाह्याच का?

आता तुम्ही म्हणाल, ज्वारीचे पीठ घरात आहेच, त्याचेच काही करू. अडचण आहे ती गिरणीची. आपल्या आधी कोणी गहू दळला असेल तर गिरणीच्या दगडात राहिलेले गव्हाचे पीठ आपल्या ज्वारीत येते. पिठात मिसळलेले पीठ डोळ्यांना दिसत नाही आणि निवडूनही काढता येत नाही.

लाह्यांना गिरणी लागत नाही. अख्खा दाणा आपल्या डोळ्यांसमोर असतो. रब्बीची ज्वारी आणि गहू काढायला जवळपास एकाच वेळी येतात. मळणी यंत्र तेच, पोतीही तीच. त्यामुळे ज्वारीत गव्हाचे दाणे सापडतात. पण ते ओळखू येतात : ज्वारीचा दाणा गोल, गव्हाचा लांबट आणि पोटाला चीर असलेला. ताटात थोडी थोडी ज्वारी पसरून उजेडात दोनदा निवडा, मग दोन-तीन पाण्यांनी धुवा. घरच्यासाठी ठेवायची ज्वारी गव्हाआधी, साफ केलेल्या यंत्रातून मळून घेतली आणि नव्या किंवा धुतलेल्या पोत्यात भरली तर निम्मे काम तेथेच होते.

लाह्या भट्टीवरून मात्र आणू नका. ज्या वाळूत गहू भाजला जातो त्याच वाळूत ज्वारी फुटते.

लाह्या कशा फोडाव्यात?

नागपंचमीला लाह्या घरोघरी लागतात, त्यामुळे ही रीत पुष्कळ भगिनींना ठाऊक असेल. सर्वच ज्वारी सारखी फुटत नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘फुले पंचमी’ हा वाण खास लाह्यांसाठी आहे. तो न मिळाल्यास घरच्या ज्वारीची मूठभर फोडून पाहावी.

निवडून धुतलेली ज्वारी कडकडीत गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवावी. पाणी निथळून ती स्वच्छ फडक्यात रात्रभर बांधून ठेवावी. सकाळी तासभर सावलीत पसरावी. दाणा वरून कोरडा आणि आतून ओलसर राहिला पाहिजे. लोखंडी कढई चांगली तापवून एका वेळी एकच मूठ टाकावी आणि सुती कापडाच्या बोळ्याने हलवत राहावे. दाणे फुटून उडू लागले की झाकण धरावे. न फुटलेले दाणे चाळून काढावेत, ते दाताखाली टोचतात.

राजगिरा भिजवू नये. कढई तापली की एकच चमचा राजगिरा टाकून बोळ्याने फिरवावा. काही सेकंदांत तो फुलतो. लगेच काढावा, नाहीतर करपतो. कढई पुरेशी तापली नसेल तर तो न फुलता नुसताच भाजला जातो.

साहित्य

ज्वारीच्या लाह्या ४ वाट्या, राजगिऱ्याच्या लाह्या २ वाट्या, भाजून सोललेले शेंगदाणे १ वाटी, सुक्या खोबऱ्याचे पातळ काप अर्धी वाटी, लाल भोपळ्याच्या सोललेल्या बिया अर्धी वाटी, तीळ पाव वाटी, जवस २ चमचे, चिरलेला गूळ पाऊण वाटी, तूप किंवा शेंगदाण्याचे तेल ३ चमचे, बेदाणे अर्धी वाटी, थोडी सुंठ किंवा वेलची पूड, चिमूटभर मीठ.

कृती

१. खोबरे, बिया, तीळ आणि जवस वेगवेगळे मंद आचेवर कोरडे भाजावेत. एकत्र भाजल्यास तीळ करपतात आणि बिया कच्च्या राहतात.

२. जाड बुडाच्या पातेल्यात गूळ आणि ३ चमचे पाणी घालून गूळ विरघळवावा व गाळून घ्यावा. पुन्हा आचेवर ठेवून एकतारी पाक करावा. चिक्कीचा कडक पाक येथे नको, त्याने लाह्यांचे गोळे होतात. तूप, मीठ आणि सुंठ घालून पातेले उतरवावे.

३. बेदाण्यांखेरीज सर्व जिन्नस मोठ्या परातीत एकत्र करून त्यावर पाक धारेने ओतावा आणि दोन चमच्यांनी हलक्या हाताने वरखाली करावे.

४. हे मिश्रण रुंद कढईत अगदी मंद आचेवर दहा-बारा मिनिटे परतावे. घरी ओव्हन असल्यास १५० अंश सेल्सिअसवर वीस मिनिटे ठेवून मधून दोनदा हलवावे. गरम असताना ते किंचित मऊ लागते. घाबरू नये, गार झाल्यावर कुरकुरीत होते. गार झाल्यानंतरच बेदाणे मिसळावेत.

घट्ट झाकणाच्या डब्यात हा खाऊ दोन-तीन आठवडे चांगला राहतो. पावसाळ्यात थोडाच करावा. सादळला तर पुन्हा पाच मिनिटे परतून घ्यावा. दूध किंवा दह्यात घालून अथवा नुसताही खाता येतो. रोग नुकताच कळला असेल तर काही जणांना काही काळ दूधही सोसत नाही. त्याबाबत डॉक्टरांना विचारावे. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे दाणे व बिया देऊ नयेत, घशात अडकतात. त्यांच्यासाठी बारीक कुटून द्यावे.

याच लाह्यांचा तिखट चिवडाही होतो. पण फोडणीत हिंग घालण्याआधी डबीवरील मजकूर वाचा. बाजारच्या हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो.

ओट घालावेत का? ओट हे गव्हापेक्षा वेगळे धान्य खरे, पण शेतात आणि कारखान्यात त्यात गहू व जव मिसळतात. ग्लूटेन-मुक्त असे स्पष्ट छापलेले नसल्यास घेऊ नयेत. असले तरी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावेत.

विकायचा विचार असेल तर

बचत गटाच्या भगिनींनी हा खाऊ जरूर विकावा. पण पाकिटावर ‘ग्लूटेन-मुक्त’ असे सहज छापू नये. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे असे लिहिण्यासाठी किलोमागे ग्लूटेन २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. ही गोष्ट प्रयोगशाळेतच कळते. आपल्या शब्दावर विश्वास ठेवून एखादी आई तो मुलाला भरवणार आहे, हे ध्यानात असू द्यावे.

लक्षात ठेवा

* गहू न चालणाऱ्यासाठी चाळणी, पोळपाट आणि लाकडी चमचे वेगळे ठेवा. लोखंडी कढई व परात घासून चालते.
* घरात कणीक मळणे किंवा चाळणे चालू असताना हा खाऊ करायला घेऊ नका. पिठाची धूळ उडते.
* डब्याला रंगीत दोरा बांधा, त्यात वेगळा चमचा ठेवा आणि घरातल्या सर्वांना सांगून ठेवा.
* सणावाराला, पाहुण्यांकडे ‘एवढ्याशा घासाने काय होतंय?’ असे प्रेमाने म्हटले जाते. एवढ्याशानेही आतड्याला इजा होते. आजीला, आत्याला हे आधीच समजावून सांगा आणि जाताना हाच डबा बरोबर न्या. सगळी मुले खात असताना आपल्या मुलाच्याही हातात काहीतरी गोड असले म्हणजे त्याला नाही म्हणणे सोपे जाते.