छातीची शस्त्रक्रिया आणि मेंदूचा प्राणवायु

२०२० सालच्या साथीपासून बोटाला चिमट्याप्रमाणें लावावयाचें प्राणवायुमापक यंत्र पुष्कळ सुशिक्षित घरांत येऊन पडलें आहे. त्याचें तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनीं १९७४ सालीं मांडलें. रक्तांत प्राणवायु किती भरला आहे तें हें यंत्र सांगतें. त्यांतला मेंदूच्या पदरांत किती पडला, हें मात्र त्यास कळत नाहीं. घरांतील कोणाच्या छातीची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर हा भेद समजून घेणें बरें.

मेंदूचें वजन शरीराच्या अवघें पन्नासाव्या हिश्श्याइतकें. पण प्राणवायूचा पांचवा हिस्सा तो एकटा घेतो आणि शिल्लक म्हणून जवळजवळ कांहींच ठेवीत नाहीं. त्याचें पोट हातावरचें!

छत्रपति संभाजीनगर येथें, म्हणजे जुन्या औरंगाबादेस, १९५६ सालीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघालें. त्याचें रुग्णालय 'घाटी' या नांवानें साऱ्या मराठवाड्यास ठाऊक आहे. जालना, बीड, परभणीकडून रुग्णासोबत अर्धें घर तेथें येतें. शस्त्रक्रियागृहाबाहेर ताटकळणाऱ्या अशा मंडळींसाठीं आंतला व्यवहार थोडक्यांत सांगतों.

क्षयानें किंवा कर्करोगानें बिघडलेला फुप्फुसाचा भाग काढावयाचा, तर तें फुप्फुस स्थिर असावें लागतें. म्हणून भूलतज्ज्ञ दुहेरी नळी घालून दुसऱ्या एकट्या फुप्फुसावर श्वास चालवितात. बंद फुप्फुसांतूनही थोडें रक्त वाहतेंच, आणि तें प्राणवायूवांचून रिकामें परततें. मेंदूची ओढाताण होण्याचा संभव असतो तो या वेळीं.

अंधारांत विजेची बत्ती तळहाताखालीं धरली, तर लाल उजेड मांसांतून पार दिसतो, हें मुलांनाही ठाऊक आहे. लाल रंगापलीकडचे अदृश्य किरण कवटींतूनही आंत शिरतात, आणि त्यांच्या साहाय्यानें मेंदूंतील प्राणवायु बाहेरून अजमावतां येतो, असें अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठाच्या फ्रान्स योब्सिस यांनीं १९७७ सालीं दाखविलें. आज त्यासाठीं कपाळावर दोन पट्ट्या चिकटवितात. पडद्यावर ६० ते ७५ च्या दरम्यान आंकडा दिसला, तर घाबरूं नये. बोटाचें यंत्र धमनींतलें ताजें रक्त मोजतें. कपाळाचें मुख्यतः मेंदूनें आपला वांटा घेतल्यावर परतणारें. मूळच्या आंकड्यांत पांचव्या हिश्श्याची घट झाली, कीं भूलतज्ज्ञ रक्तदाब, मानेची ठेवण, रक्ताची उणीव तपासतात. कर्बवायु फार उतरला तर मेंदूच्या वाहिन्या आकुंचन पावतात, म्हणून श्वासाची गतिही बदलतात.

एवढ्यानें मेंदू निर्धास्त झाला, असें मात्र म्हणवत नाहीं. हृदयाखेरीज इतर मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या, साठ वर्षें वा अधिक वयाच्या १,२१८ रुग्णांचा अभ्यास १९९८ सालीं प्रसिद्ध झाला. आठवड्यानंतर सुमारें चौथ्या हिश्श्याच्या व तीन महिन्यांनंतरही दहाव्या हिश्श्याच्या रुग्णांची स्मरणशक्ति वा आकलन उणावलेलें आढळलें. पण बोटाच्या यंत्रानें मोजलेल्या प्राणवायूच्या घटीशीं त्याचा संबंध जुळला नाहीं! कपाळाच्या यंत्रानें हें नुकसान टळतें काय, याचाही निर्णायक पुरावा २०१८ सालच्या एका मोठ्या समीक्षेस मिळाला नाहीं. यंत्र पहारेकरी आहे, वैद्य नव्हे.

पुढचा पहारा घरच्यांचा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं आजोबा मुलाला ओळखीनासे होतात, रात्रीं नळ्या ओढतात, सकाळीं पुन्हा शुद्धीवर बोलतात. याला 'वय झालें' म्हणून सोडूं नये, कीं बाहेरची बाधा मानूं नये. दुखणें, जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, एखादें औषध, असें कारण बहुधा सांपडतें. गडबड करणारा निदान लक्षांत तरी येतो. गप्प पडून राहणारा, हाकेला उशिरा ओ देणारा रुग्ण मात्र 'शांत आहेत हो' म्हणून तसाच राहतो. तोही डॉक्टरांच्या कानांवर घालावा. चष्मा, श्रवणयंत्र हाताशीं असावें, रात्रीं झोप मोडूं नये, दिवसा उजेड असावा, आणि ओळखीचें एकच माणूस आळीपाळीनें जवळ बसावें. भेटीस येणाऱ्यांची रीघ ही आपल्याकडची मोठीच पीडा!

रुग्णाची पूर्वीची स्मृति कशी होती, झोपेची गोळी वा मद्य चालू होतें काय, हें शस्त्रक्रियेपूर्वींच सांगून ठेवावें. आणि घरीं आल्यावर किराण्याचा हिशेब चुकूं लागला, तर हंसूं नये. बहुतेकांची बुद्धि हळूहळू पूर्वपदावर येते. तीन महिने उलटूनही चुका तशाच राहिल्या, तर पुन्हा डॉक्टरांकडे न्यावें.