लॉबीत लावलेला अभ्यासक्रम

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात, ऑर्लँडोला लागूनच, विंटर पार्क नावाचं तळ्याकाठचं टुमदार गाव आहे. तिथलं रॉलिन्स कॉलेज १८८५ सालचं. या कॉलेजचं स्वतःचं कलासंग्रहालय आहे आणि स्वतःच्या मालकीचं हॉटेलही आहे. २०१३पासून संग्रहालयातली समकालीन कला या ‘आल्फंड इन’ हॉटेलच्या भिंतींवर लागते आहे. दशक उलटून गेलं तरी उपक्रम बंद पडला नाही, उलट वाढला. असं क्वचितच होतं, म्हणून हा मागोवा.

हॉटेलच्या जागेला जुना इतिहास आहे. १९५६ साली तिथं लँगफर्ड हॉटेल उभं राहिलं आणि कित्येक दशकं गावाच्या समारंभांचं ठिकाण होऊन बसलं. २००० साली ते बंद झालं, पुढं पाडलं गेलं, आणि भरवस्तीतली ती मोक्याची जागा बरीच वर्षं ओस पडून राहिली. कॉलेजनं तिथं हॉटेल बांधायचं ठरवलं, तेव्हा हॅरॉल्ड आल्फंड फाउंडेशननं सव्वा कोटी डॉलरचं अनुदान दिलं. आल्फंड हे मेन राज्यातले बुटांचे कारखानदार. त्यांनी आपली ‘डेक्स्टर’ कंपनी १९९३ मध्ये वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेला विकली आणि मोबदला रोखीत न घेता शेअरमध्ये घेतला. बुटांचा धंदा पुढं पार बसला, शेअरचं मात्र सोनं झालं.

अनुदानाला जोडलेली अट मला फार मोलाची वाटते. हॉटेलचा निव्वळ नफा २५ वर्षं, किंवा निधी पाच कोटी डॉलरचा होईपर्यंत, विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी जमा व्हायचा. म्हणजे मुक्कामाला येणाऱ्या पाहुण्याच्या बिलातला काही हिस्सा शेवटी कुणाच्या तरी शिक्षणाच्या कामी येतो.

कलेची देणगी वेगळी होती आणि ती मोठ्या जाणतेपणानं दिलेली होती. हॅरॉल्ड यांचे चिरंजीव टेड आणि सूनबाई बार्बरा, दोघंही रॉलिन्सचे १९६८चे पदवीधर. समकालीन कलेचा संग्रह त्यांनी उभा केला तो कॉलेजसाठीच, आणि सुपूर्द केला तो हॉटेलकडे नव्हे, तर संग्रहालयाकडे. माझ्या मते सगळं यश या एका निर्णयात आहे. हॉटेलवाले चित्रं घेतात ती बहुधा पडद्यांशी आणि सोफ्याशी रंग जुळतो की नाही हे पाहून; नूतनीकरण निघालं की तीच चित्रं गोदामात जातात. इथं चित्राची नोंद संग्रहालयाच्या वहीत आहे. काय लावायचं, कधी उतरवायचं, शेजारी काय ठेवायचं, हे संग्रहालय ठरवतं.

निवडीची जबाबदारी अबिगेल रॉस गुडमन या क्युरेटरवर होती. शिकवणाऱ्या संस्थेचा संग्रह म्हणजे डोळ्यांनी वाचायचा अभ्यासक्रमच, ही त्यामागची दृष्टी. कॅरी मे वीम्स यांची ‘स्लो फेड टू ब्लॅक’ या मालिकेतली १७ छायाचित्रं या संग्रहात आहेत. गेल्या शतकातल्या कृष्णवर्णीय गायिकांच्या आणि रंगमंच गाजवणाऱ्या स्त्रियांच्या प्रतिमा वीम्स यांनी जाणूनबुजून धूसर केल्या आहेत. हाताची फेक कळते, मानेची लकब कळते, पण चेहरा हाती लागत नाही. एके काळी घराघरांत माहीत असलेली माणसं स्मरणातून कशी पुसली जातात, हे त्या धूसरपणातून थेट अंगावर येतं. शोभेसाठी चित्रं घेणारा अशा वाटेला जाणार नाही.

हॉटेलात शिरल्यावर मान वर करायला लावणारी कृती आहे तोमास सारासेनो यांची ‘क्युम्युलस फिलामेंट्स’. अर्जेंटिनात जन्मलेल्या सारासेनो यांचं शिक्षण वास्तुकलेचं. ढग, साबणाचे फुगे आणि कोळ्याची जाळी यांच्या रचनेचा त्यांना ध्यासच आहे. ताणलेल्या दोऱ्या आणि चकाकते पैलू यांचा हा अधांतरी पुंजका. खालून जाताना त्यात आपलीच तुकड्यातुकड्यांची प्रतिबिंबं दिसतात आणि दोन पावलं पुढं सरकलं की ती बदलतात. ही कृती पाहायला संग्रहालयाची शांतता लागत नाही. ये-जा, बॅगांची चाकं, लग्नाला आलेली मंडळी, यांच्यामुळं तिला रंगच चढतो.

सगळ्याच कृतींचं असं नसतं. कागदावरचं काम आणि छायाचित्रं यांना उजेड बाधतो; संग्रहालयात त्यांच्यावर साधारण ५० लक्सपेक्षा जास्त प्रकाश पडू देत नाहीत. हॉटेलला खिडक्या हव्यात, ऊन हवं, दिवे रात्रभर हवेत. म्हणूनच कृती आलटूनपालटून लावणं ही हौस नाही, ती निगा आहे. अन् त्या बदलामुळं पुन्हा येणाऱ्याला नवं काही पाहायला मिळतं. संग्रहालयाची मूळ इमारत तळ्याकाठी, १९७८ सालची आणि आटोपशीर. २०२१ पर्यंत ‘कॉर्नेल’ या नावानं ओळखलं जाणारं हे संग्रहालय आता ‘रॉलिन्स म्युझियम ऑफ आर्ट’ झालं आहे. तिथल्या दालनांत मावणार नाही ते हॉटेलात दिसतं, ही सोय काही लहान नाही.

तरी एक गोष्ट मला खटकते. संग्रहालयात प्रवेश विनामूल्य आहे, आणि हॉटेलातल्या कृती पाहायलाही खोली घ्यावी लागत नाही. पण महागड्या हॉटेलच्या दारातून नुसती चित्रं पाहायला आत शिरणं सर्वांना सारखं सोपं नसतं. ज्याच्या घरातलं कुणी अशा ठिकाणी कधी उतरलेलंच नाही, तो दारातच घुटमळतो. हा संकोच पाटी लावून जात नाही. संग्रहालयाचे जाणकार मंडळींना बरोबर घेऊन हॉटेलात कृती समजावून सांगतात, तेव्हा तो निघतो. माझ्या दृष्टीनं या उपक्रमाचा तोच सर्वांत कामाचा भाग.

सुरुवातीला हॉटेलात ११२ खोल्या होत्या. २०२३ मध्ये ७१ नव्या खोल्यांची भर पडली आणि संख्या १८३ झाली. खोल्या वाढल्या तशी शिष्यवृत्तीच्या निधीची आशाही वाढली. आता पाहुण्यांसाठी जेवढी जागा वाढवली, तेवढ्याच उत्साहानं गावातल्या शाळांच्या मुलांसाठी या लॉबीतले तास वाढवावेत. चित्रं तिथं लावलेलीच आहेत.