डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोषण नेणारे ‘नॅनो’ कण. पण मोतीबिंदू त्याने विरघळत नाही!

नॅनो म्हटलं की आपल्याला नॅनो युरियाची बाटली आठवते. आता हाच शब्द डोळ्यांच्या औषधाबाबतही ऐकू येतोय. नेमकं काय आहे हे?

डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध एक पिवळसर ठिपका असतो. वाचणं, सुईत दोरा ओवणं, माणसाचा चेहरा ओळखणं, सगळं त्याच्या जोरावर. हा पिवळा रंग ल्युटीन आणि झिॲक्सँथिन या द्रव्यांचा. ती तीव्र प्रकाशापासून पडद्याला जपतात. शरीर ती स्वतः बनवत नाही. पालक, मेथी, मका, अंड्याचा पिवळा बलक यांतून ती मिळतात.

अडचण अशी, की ल्युटीन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. त्यामुळे खाल्लेल्यातलं बरंचसं अंगी न लागता निघून जातं. (भाजीला तेलाची फोडणी हवीच, ती यासाठी.) थेंब टाकावेत तर तेही अश्रूंबरोबर वाहून जातात, साधारण पाच टक्क्यांहून कमी औषध डोळ्यात शिरतं.

म्हणून शास्त्रज्ञ ल्युटीन अतिसूक्ष्म कणांत भरतात. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. म्हैसूरच्या सीएफटीआरआय संस्थेत कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसनमध्ये ल्युटीन भरून उंदरांना दिलं, तेव्हा साध्या ल्युटीनपेक्षा जास्त प्रमाण डोळ्यांत पोचलं. पण ते उंदीर होते, हे विसरू नका.

माणसांवरचा मोठा अभ्यास अमेरिकेत झाला, चार हजारांहून जास्त लोकांवर. निकाल 2013 मध्ये आला. त्यात गोळ्या साध्याच होत्या, नॅनो नव्हत्या. वयोमानाने पडदा झिजण्याचा आजार मध्यम टप्प्यात असलेल्यांना ल्युटीन, जीवनसत्त्वं आणि झिंक यांची गोळी उपयोगी ठरते. आजार बरा होत नाही, वाढ मंदावते. मोतीबिंदूची ऑपरेशनं मात्र ल्युटीनने कमी झाली नाहीत.

त्यामुळे ‘नॅनो थेंबांनी मोतीबिंदू बिनऑपरेशनचा जातो’ असं कुणी सांगत असेल तर पैसे देऊ नका. गढूळ झालेलं भिंग बदलावंच लागतं, आणि ते सरकारी रुग्णालयात मोफत होतं. शिवाय तो मोतीबिंदू नसून काचबिंदू असेल, तर थेंबांच्या नादात गेलेली नजर परत येत नाही.

घरी एवढं करा: चष्मा असेल तर लावा, एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटी बघा. सरळ रेघा वाकड्या दिसल्या किंवा मधेच काळा डाग दिसला, तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.